अमोनिया प्लांटचं एएमसी: कॉम्प्रेसरला पाच स्टार, सेफ्टीला दोन

तासगाव भागात आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे, अमोनियावरचं. गेल्या सीझनपासून प्लांटचं एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट, सांगलीकडच्या एका एजन्सीला दिलंय, त्याबद्दल लिहितोय. नाव टाकत नाही.

आधी चांगलं सांगतो. फिटर एकदम तयार आहेत, किर्लोस्करच्या केसी कॉम्प्रेसरचा नुसता आवाज ऐकून बेअरिंग गेलंय की व्हॉल्व्ह प्लेट ते सांगतात, फोन केला की त्याच दिवशी येतात. मध्ये डिस्चार्ज प्रेशर उगाच चढत होतं तर बघताक्षणी म्हणाले सिस्टीममध्ये हवा शिरलीय, पर्ज करून म्हणजे ती हवा बाहेर काढून दिलं, प्रेशर खाली आलं, लाईट बिलातपण फरक दिसला. इथे काही तक्रार नाही.

पण ह्यांचं सगळं लक्ष जे फिरतं त्याच्यावर. जे गप उभं असतं त्याच्याकडे कोण बघणार? रिसीव्हरवरचा (लिक्विड अमोनिया साठवायची टाकी) सेफ्टी व्हॉल्व्ह कधीचा आहे विचारलं तर उत्तर काय, "चालू आहे की साहेब." अहो तो चालू आहे का नाही हे प्रेशर चढल्याशिवाय कळतच नाही, म्हणून तर अमेरिकेतल्या आयआयएआर ह्या अमोनिया रेफ्रिजरेशनच्या संस्थेच्या स्टँडर्डमध्ये साधारण दर 5 वर्षांनी तो बदलायला सांगितलाय. दोन व्हॉल्व्हची जोडी आणि मध्ये थ्री-वे व्हॉल्व्ह असला तर प्लांट बंद न करता एकेक बदलता येतो, हे त्यांनी आम्हाला सांगायला पाहिजे होतं, आम्हीच त्यांना सांगितलं.

सगळ्यात राग आला तो ऑइल ड्रेनला. कॉम्प्रेसरचं तेल अमोनियापेक्षा जड, तळाला साठतं, ते अधूनमधून काढावंच लागतं आणि अमोनियाचे बरेचसे अपघात ह्याच कामात होतात. ह्यांचा पोरगा एकटाच, मास्क गळ्यात लटकवलेला, साधा व्हॉल्व्ह उघडून खाली बादली धरून बसलेला! तेल संपलं की मागून लिक्विड अमोनिया येतं, उणे 33 डिग्रीला उकळणारं, आणि त्या टायमाला व्हॉल्व्ह जाम झाला तर बंद कोण करणार? हात सोडला की आपोआप बंद होणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह मिळतो, आम्ही मागे लागलो तेव्हा बसवला, बिल वेगळं लावून.

गळती गंधकाची कांडी पेटवून शोधतात, पांढरा धूर दिसला की तिथे लीक, ते बरोबरच आहे. पण गॅस डिटेक्टरचं कॅलिब्रेशन (रीडिंग बरोबर येतं का ते तपासणं) करा म्हटलं तर "वास येतोच की". वास येतो हो, 25 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग) आधीच येतो, पण रात्री बंद प्लांट रूममध्ये नाक कुणाचं असतं? 300 पीपीएमला जीवाशी खेळ आहे. कॅनडात फर्नीला 2017 मध्ये बर्फाच्या रिंकवर अमोनियाचा चिलर (थंड करायचं यंत्र) लीक आहे हे आधी माहीत असून परत चालू केला, तिघं गेली.

सक्शन लाइनच्या (कॉम्प्रेसरकडे थंड गॅस नेणारा पाइप) फाटक्या इन्सुलेशनखाली पाणी शिरून पाइप गंजतोय का ते उघडून बघा म्हटलं, तर ते एएमसीत येत नाही म्हणे.

तरी रिन्यू करायचा विचार आहे, कारण कॉम्प्रेसरला असे फिटर परत मिळणार नाहीत. फक्त ह्या वेळी सेफ्टी व्हॉल्व्हच्या तारखा, ऑइल ड्रेनला दोन माणसं आणि मास्क, डिटेक्टर, पाइपची जाडी मोजणं हे सगळं लेखी मागितलंय, आणि नवा माल यायच्या आत करून पाहिजे म्हणून सांगितलंय. कोटेशन अजून आलेलं नाही.