स्क्रॅच: चुकलेला त्रिकोण डोळ्यांसमोर दिसतो तेव्हा

पाचवीची परीक्षा संपल्यावर मुलीला प्रोग्रामिंगची ओळख करून द्यायची ठरली, तेव्हा आज्ञा टाइप करून लिहायच्या पायथन या भाषेपासूनच थेट सुरुवात करावी असे माझे मत होते. पुढे तेच शिकायचे, तर मधली पायरी कशाला, असा त्यामागचा विचार होता. आठवडाभरातच तो सोडावा लागला. कीबोर्डवर अक्षरे शोधण्यातच तिचा बराच वेळ जाई, ओळीच्या शेवटचा कोलन राहिला की प्रोग्राम अडे, आणि चूक विचारात नसून टायपिंगमध्ये आहे हे तिला उमगतच नसे.

मग आम्ही स्क्रॅचकडे वळलो. अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेस्निक यांच्या गटाने घडवलेली ही भाषा २००७ साली सर्वांसाठी खुली झाली. ती मुख्यतः ८ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी असून पूर्णपणे मोफत आहे. येथे आज्ञा टाइप कराव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात, आणि जो ठोकळा जिथे बसत नाही तो तिथे अडकतच नाही. त्यामुळे व्याकरणाच्या चुका जवळजवळ नाहीशा होतात आणि उरतात त्या विचारातल्या चुका.

त्यांचे मोल मला एका त्रिकोणाने पटवले. ‘४ वेळा करा, १०० पावले चाला, ९० अंश वळा’ एवढ्या ठोकळ्यांत मुलीने चौरस काढला होता. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो हे तिला ठाऊक असल्यामुळे तिने ४ च्या जागी ३ आणि ९० च्या जागी ६० घातले. ठोकळ्यांतल्या आज्ञांप्रमाणे चालणाऱ्या स्क्रॅचच्या मांजराने तीन बाजू काढल्या आणि पडद्यावर उमटला तो अर्धा षटकोन! मी मुद्दाम गप्प राहिलो. ती उठली, फरशीवर स्वतः चालून आणि वळून पाहू लागली, आणि मांजर वळते तो कोन आतला नसून बाहेरचा, म्हणजे १२० अंशांचा, हे तिचे तिलाच सापडले. सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लोगो या मुलांसाठीच्या जुन्या भाषेत आज्ञेनुसार चालत रेषा काढणाऱ्या कासवाचा हा वारसा आहे, आणि स्क्रॅचने तो मनापासून जपला आहे.

ऋण संख्यांचेही तसेच झाले. मांजर जिथे फिरते तो मंच ४८० बाय ३६० एककांचा आणि शून्य मधोमध असल्याने, मांजराला डावीकडे न्यायचे तर ऋण संख्या लागतेच.

संगणकावर एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवायही स्क्रॅच चालते, ही मोठीच सोय आहे. मोबाइलच्या लहान पडद्यावर मात्र ठोकळे हलवणे त्रासाचे होते. मांजराचे पोशाख आणि आवाज निवडण्यातही मुले तासन्‌तास रमतात, म्हणून पालकांनी सुरुवातीला शेजारी बसावे. तयार रचना जशीच्या तशी उतरवून घेणारी एक महागडी शिकवणी मी पाहिली. तिथे मुलांच्या वाट्याला तो चुकलेला त्रिकोण येतच नाही.

या भाषेची मर्यादा आम्हाला सहा महिन्यांनी जाणवली. दोन संख्यांपैकी मोठी कोणती ते सांगणारा स्वतःचा ठोकळा मुलीला हवा होता. पण आपण बनवलेला ठोकळा उत्तर परत देऊ शकत नाही, ते वेगळ्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे किंमत साठवायच्या नाव दिलेल्या जागेत, ठेवावे लागते. तेव्हा आम्ही पायथन पुन्हा उघडले. त्यातल्या टर्टल मॉड्यूलमध्ये, म्हणजे तशाच कासवाकडून चित्र काढून घ्यायच्या सोयीत, त्रिकोण काढताना तिने न विचारता १२० टाइप केले. कोलन या वेळीही राहिला होता, पण तो कोणत्या ओळीत राहिला हे तिनेच शोधून काढले.