दोन हजारांतली एक : कार्लटन कॉलेजात लेकीचं पहिलं वर्ष

लेकीच्या हायस्कूलमध्ये दोन हजारांवर मुलं होती. आता ती जिथे शिकते त्या कॉलेजातही साधारण दोन हजारच आहेत. हायस्कूलच्या चार वर्षांत तिने दुपारचा डबा बहुतेक वेळा लायब्ररीतल्या कोपऱ्यातल्या टेबलावर एकटीने खाल्ला. या जूनमध्ये तिला कॉलेजातून आणायला गेलो, तर सामान गाडीत भरायला सात-आठ जण खाली आले आणि एकेकाचा निरोप घेता घेता दीड तास गेला. हे कसं झालं, आम्ही शोधताना काय पाहिलं, कुठे चुकलो आणि सप्टेंबर २०२४ पासूनच्या तीन सत्रांत प्रत्यक्ष काय अनुभव आला, ते सविस्तर लिहिते आहे. अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांबद्दल मराठीत विचारणारे पालक मला वरचेवर भेटतात, त्यांना उपयोग होईल.

आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनचे. मी मूळची सांगलीची. माझ्या वेळी कॉलेज निवडणं हा प्रकारच नव्हता. मार्क पडायचे, यादी लागायची, नाव जिथे येईल तिथे ट्रंक घेऊन जायचं. तिथे मैत्रिणी मिळतील का, असं कुणी विचारलं नाही आणि होस्टेलच्या मेसमध्ये आठवडाभरात त्या मिळाल्याही. त्यामुळे शाळेतल्या समुपदेशक बाईंनी ‘हिला सोशली जमेल असं कॉलेज बघा’ असं सांगितलं तेव्हा मला ते जरा लाड वाटले. आता वाटत नाहीत. माझी लेक माणूसघाणी नाही. एका माणसाशी दोन तास बोलेल, दहा जणांत मात्र तिचा आवाजच निघत नाही. अशा मुलाला तीस-चाळीस हजार विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात आपली माणसं सापडणारच नाहीत असं नाही, पण ती स्वतः शोधून काढावी लागतात. तेच तिला जमत नव्हतं.

म्हणून छोटी ‘लिबरल आर्ट्स’ कॉलेजं बघायचं ठरवलं. हे नाव ऐकल्यावर सांगलीहून मावशीचा फोन आला, “आर्ट्सला घातलीस होय गं?” तर तसं नाही. गणित, फिजिक्स, बायोलॉजी, कॉम्प्युटर सायन्स, इकॉनॉमिक्स, सगळं असतं. ही कॉलेजं पदवीपुरतीच असतात, पीएचडीचे विद्यार्थी नसतात, त्यामुळे शिकवायला आणि प्रयोगशाळेत हाताशी घ्यायला प्राध्यापक स्वतः असतात. दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत मुख्य विषय ठरवायचा नसतो. लेकीला पक्षी आणि भाषाशास्त्र दोन्ही हवं होतं, म्हणून ही रचना बरी वाटली.

आम्ही सहा कॉलेजं पाहिली. दोन-तीन सांगण्यासारखी आहेत. फिलाडेल्फियाजवळचं हॅवरफर्ड माझ्या नवऱ्याच्या फार मनात भरलं, कारण तिथे क्रिकेटची अधिकृत कॉलेज टीम आहे, पॅव्हिलियन आहे, क्रिकेटच्या पुस्तकांची स्वतंत्र लायब्ररीही आहे. मला तिथला ऑनर कोड आवडला. परीक्षेला पर्यवेक्षक नसतो, वेळही बरेचदा विद्यार्थी स्वतः ठरवतात, आणि हे नियम विद्यार्थीच दरवर्षी सभा घेऊन पुन्हा मान्य करतात. जेमतेम १,४०० मुलं, घरापासून गाडीने दोन तासांच्या आत. मिनेसोटातल्या सेंट पॉलमधलं मॅकॅलेस्टर शहराच्या आत आहे. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान तिथेच शिकलेले, आणि १९५० पासून तिथे संयुक्त राष्ट्रांचा झेंडा फडकतो. परदेशी मुलं भरपूर. दोन्ही कॉलेजं चांगलीच आहेत. पण मॅकॅलेस्टरमध्ये शनिवारी मुलं काय करतात असं विचारलं तर उत्तर आलं की शहरात जातात. लेक परतीच्या वाटेवर म्हणाली, “मग मी खोलीतच बसेन.” तिला स्वतःबद्दल हे कळलं होतं, मला नव्हतं कळलं.

तिसरं एक होतं, त्याचं नाव घेत नाही. आकाराने असंच छोटं, इमारती देखण्या, टूर देणारी मुलगी गोड. लेक एक रात्र तिथल्या विद्यार्थिनीच्या खोलीवर राहिली. शुक्रवारी रात्री नऊनंतर सगळा मजला फ्रॅटर्निटीच्या घरांकडे, म्हणजे मुलांच्या खास सदस्य-मंडळांच्या घरांकडे, पार्टीला गेला. यजमान मुलीने हिलाही प्रेमाने बोलावलं, ही नको म्हणाली, आणि रिकाम्या मजल्यावर एकटी झोपली. सकाळी तिने मला फक्त “इथे नको” एवढंच सांगितलं. तोवर मी ‘छोटं म्हणजे मायेचं’ असंच धरून चालले होते. छोट्या ठिकाणी जर सगळी मजा तीन घरांमध्ये होत असेल, तर बाहेर राहिलेल्याला जायला चौथी जागा नसते. मोठ्या विद्यापीठात निदान ती असते.

त्यानंतर मी ब्रोशर वाचणं बंद केलं आणि ‘कॉमन डेटा सेट’ वाचायला लागले. बहुतेक कॉलेजं हा तक्ता दरवर्षी प्रसिद्ध करतात. त्यातल्या ‘एफ’ भागात किती टक्के विद्यार्थी आवारातच राहतात, किती जण फ्रॅटर्निटी-सोरॉरिटीत (मुलांच्या आणि मुलींच्या अशा मंडळांत) आहेत, राज्याबाहेरचे किती, हे लिहिलेलं असतं. ‘बी’ भागात पहिल्या वर्षानंतर किती जण टिकले ते असतं. रँकिंगपेक्षा हे चार आकडे मला कितीतरी जास्त सांगून गेले.

कार्लटन मिनेसोटात, नॉर्थफील्ड नावाच्या छोट्या गावात आहे. मिनियापोलिस तिथून गाडीने पाऊण-एक तासावर. फ्रॅटर्निटी-सोरॉरिटी नाहीत. जवळजवळ सगळी मुलं चारही वर्षं आवारातच राहतात, आणि पहिल्या वर्षाची मुलं वेगळी न ठेवता सगळ्या वर्षांची एकाच मजल्यावर असतात. गावात न्याहारीच्या सीरियलचा कारखाना आहे, त्यामुळे वारा तिकडून आला की गल्लीत गरम खिरीसारखा वास येतो. आम्ही एप्रिलमध्ये गेलो तेव्हा आला होता. डायनिंग हॉलमध्ये जेवताना लेक एका मुलाकडे बघत होती. तो ट्रे घेऊन उभा होता, कुणी ओळखीचं दिसतंय का ते शोधत. शेजारच्या टेबलावरच्या दोघी तावातावाने काहीतरी वाद घालत होत्या. त्यांतल्या एकीने बोलणं न थांबवता खुर्चीवरची सॅक उचलून खाली ठेवली. तो बसला. पाच मिनिटांनी तोही वादात पडला. लेकीने मला हे त्याच वेळी दाखवलं नाही, रात्री हॉटेलात सांगितलं. नोव्हेंबरमध्ये तिने तिथेच अर्ली डिसिजनचा, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जाईन असं कबूल करून लवकर करायचा, अर्ज केला.

पैशांचं थोडक्यात सांगते. फी, राहणं, जेवण धरून वर्षाचा छापील खर्च ८० हजार डॉलरच्या वर जातो. हुशारीवर मिळणाऱ्या मोठ्या शिष्यवृत्त्या इथे फारशा नसतात, पण कुटुंबाची गरज जेवढी ठरते तेवढी मदत कार्लटन पूर्ण देतं. अर्ली डिसिजन म्हणजे बांधून घेणं असतं, म्हणून त्याआधी कॉलेजच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरमध्ये (मदत वजा जाता आपल्याला किती भरावं लागेल याचा अंदाज देणाऱ्या वेबपानावर) स्वतःचे खरे आकडे घालून बघा. आम्ही ते दोनदा केलं, मगच हो म्हटलं.

आता पहिलं सत्र. इथे वर्षाला दहा-दहा आठवड्यांची तीन सत्रं, प्रत्येकात तीन विषय. दहा आठवडे म्हणजे श्वास घ्यायला सवड नाही, तिसऱ्या आठवड्यात पहिले पेपर येऊन थडकतात. त्याच तिसऱ्या आठवड्यात लेकीचा फोन आला. आवाजावरूनच कळलं. रूममेट चांगली होती, पण ती फ्रिसबीच्या टीममध्ये गेली आणि तिचं जेवण, तिच्या गप्पा सगळं टीमबरोबर. ही खोलीत मॅगी करून खात होती. मी त्या रात्री दोन चुका केल्या. पहिली, “तू जरा स्वतःहून बोल की गं” असं म्हणाले. अठरा वर्षं ऐकलेलं वाक्य तिने पुन्हा ऐकलं आणि फोन ठेवला. दुसरी, तिने आधी आपल्या भारतीय मुलींना भेटावं असा मी धोशा लावला. ती दक्षिण आशियाई मुलांच्या कार्यक्रमाला गेली. मुलं चांगली होती, नाच बसवत होती. हिला नाच येत नाही आणि हिंदी गाणीही फारशी माहीत नाहीत. ‘देसी मुलं म्हणजे आपोआप मैत्री’ हे माझ्या मनातलं होतं, तिच्या नाही. मला डीनना फोन करावासा वाटत होता. नवऱ्याने हात धरला म्हणून केला नाही, आणि आज त्याचे आभार मानते.

पाचव्या आठवड्यात, एका गुरुवारी रात्री अकराला फोन वाजला. माझ्या पोटात गोळा आला. लेक म्हणाली, “आई, नानकटाईला रवा किती घालायचा?”

कार्लटनला डेसी मोझेस हाउस म्हणून एक साधं लाकडी घर आहे. डेसी मोझेस नावाच्या बाईंनी वर्षानुवर्षं आपलं दार विद्यार्थ्यांसाठी उघडं ठेवलं होतं. १९८१ मध्ये त्या गेल्या तेव्हा घर कॉलेजला देऊन गेल्या. आजही तिथे मैदा, साखर, बटर, अंडी भरलेली असतात. कुणीही जावं, कुकीज भाजाव्यात, खाव्यात, पुढच्यासाठी ठेवाव्यात आणि भांडी घासून निघावं. पैसे नाहीत, नाव नोंदवणं नाही. रविवारी सगळ्यांसाठी न्याहारी असते. मजल्यावरची तिसऱ्या वर्षातली एक मुलगी चार जणांना घेऊन तिकडे निघाली होती, हिच्या उघड्या दारापाशी थांबली आणि “तू येतेस का?” एवढंच म्हणाली. तिथे चॉकलेट चिप्स संपलेले होते. मग लेकीने सुचवलं, आमच्याकडे एक बिस्किट असतं ज्याला चिप्स लागत नाहीत.

रवा नव्हता, बेसन नव्हतं, तूप नव्हतं, वेलची तर नव्हतीच. मी फोनवर म्हटलं, मैद्यात पिठीसाखर घाल, बटर वितळवू नको, मऊ ठेव. तोपर्यंत तिने वितळवलेलं होतं. ट्रेवर सगळ्या नानकटाया पसरून एकमेकींना चिकटल्या आणि एकच मोठी पोळी झाली. तिने फोटो पाठवला. पाच हात ती पोळी तोडत होते. त्यातला एक हात तिचा होता, जन्मखुणेवरून ओळखला. मी तो फोटो किती वेळ बघत बसले होते सांगता येत नाही.

पुढच्या गुरुवारी ती पुन्हा गेली. कुणाशी बोलायचं याचा विचार करावा लागत नव्हता, हातात पीठ होतं. नुसतं ‘मैत्री करा’ म्हणून सोडून दिलेल्या मुलाला जे जमत नाही, ते त्याच चार जणांना दर आठवड्याला काही काम करताना भेटलं की जमतं, हे मला तिच्याकडे पाहून कळलं. आपल्याकडे दिवाळीच्या आधी वाड्यातल्या बायका एकीच्या घरी चकल्या पाडायला जमायच्या, त्यात हेच होतं. म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा क्लब किती आहेत ते विचारू नका. शंभर क्लब सगळीकडे असतात. जिथे नाव न नोंदवता, प्रवेश परीक्षा न देता, ठरावीक वारी जाता येईल अशी जागा कुठली, ते विचारा. आणि ऑफिसातल्या माणसाला नको, जेवणाच्या रांगेतल्या मुलाला विचारा.

पहिलं सत्र थँक्सगिव्हिंगच्या आधी संपतं आणि थेट नव्या वर्षात पुन्हा सुरू होतं. सुट्टी सहा आठवड्यांची. आम्ही तिला सांगलीला पाठवलं. जातानाच आजीला ‘मला नानकटाई शिकव’ म्हणून सांगून गेली आणि मोजमाप वहीत लिहून आणलं. आजीचं ‘वाटीभर’ म्हणजे किती ग्रॅम हे तिने वजनकाट्यावर काढलं.

हिवाळा खरा कठीण. जानेवारीत उणे २० सेल्सियसच्या खाली पारा जातो. आवाराच्या मधल्या ‘बाल्ड स्पॉट’ मैदानावर पाणी सोडून बर्फाचं रिंगण करतात आणि मुलं रात्री तिथे स्केटिंग करतात आणि ब्रूमबॉल (बर्फावरचा हॉकीसारखा खेळ) खेळतात. फेब्रुवारीत लेकीचं गुरुवारच्या मंडळींतल्या एकीशी बिनसलं. छोट्या कॉलेजाचा हा भाग कुणी सांगत नाही. सकाळी जेवायला तीच, वर्गात तीच, मजल्यावर तीच. तोंड लपवायला जागा नाही. दोन आठवडे लेक डायनिंग हॉलला उशिरा जायची. मग एका शुक्रवारी तिच्या पोस्टाच्या खणात एक पिवळं फूल होतं. इथे दर शुक्रवारी मुलं फुलं विकत घेऊन एकमेकांच्या खणात ठेवतात, जुनी रीत आहे. चिठ्ठी त्याच मुलीची. मोठ्या ठिकाणी त्या दोघी कदाचित पुन्हा भेटल्याच नसत्या. इथे भेटणं टळत नव्हतं, म्हणून मिटवावं लागलं.

वसंतात ती पहाटे आर्बमध्ये पक्षी बघायला जाऊ लागली. आर्ब म्हणजे कॉलेजच्या मालकीचं सुमारे ८०० एकरांचं रान. तिथेही दोघं-तिघं जोडीदार मिळाले.

कुणाला हे कॉलेज मानवणार नाही तेही सांगते. ज्याला शहर लागतं, शनिवारी नवीन चेहरे लागतात, त्याला नॉर्थफील्डचा महिन्याभरात कंटाळा येईल. ज्याला अभ्यास हळू मुरवायला आवडतं त्याला दहा आठवड्यांची दौड जड जाईल. थंडीची तर सवयच करावी लागते. आणि नेवार्कहून विमानाने तीन तास, पुढे गाडीने तासभर, म्हणजे आजारी पडली तर मी संध्याकाळपर्यंत पोचू शकत नाही, हे मला अजून पचलेलं नाही. हॅवरफर्ड जवळ होतं, हे नवरा अधूनमधून बोलून दाखवतो.

सध्या लेक घरी आहे. सप्टेंबरची यादी फ्रिजवर लावली आहे. एडिसनमधल्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांतून वेलचीची मोठी पुडी, बारीक रवा आणि दोन पाकिटं बेसन. मी खाली तूप लिहिलं होतं, ते तिने खोडलं. म्हणते, तिथल्या सगळ्यांना आता बटरचीच आवडते.