लुमी डेस्कटॉप : मुलांना एक फाइल, शिक्षकांना दुसरी

तंत्रस्नेही शिक्षकांच्या गटांवर ‘ऑफलाइन टेस्ट’ सतत फिरत असतात. उघडतात, चालतातही, पण शेजारच्या केंद्रातल्या शिक्षकाला त्यातला एखादा प्रश्न बदलायचा म्हटलं तर हात टेकावे लागतात. लुमी नीट वापरलं तर ही अडचण राहत नाही. माझ्या मते ते घेण्याचं मुख्य कारण हेच.

एचफाइव्हपी (H5P) प्रकारचे, म्हणजे पडद्यावर सोडवून तिथेच तपासता येणारे स्वाध्याय बनवणारा लुमी हा मोफत, मुक्तस्रोत प्रोग्राम आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतो. रिकाम्या जागा, शब्द ओढा, व्हिडिओतले प्रश्न असा प्रत्येक प्रकार पहिल्या वेळी नेटवरून उतरवून घ्यावा लागतो. तेव्हा शाळेत नेट नसेल तर लागणारे सगळे प्रकार आधीच इन्स्टॉल करून ठेवा. पुढे नेटवाचून काम होतं.

सर्वांत जास्त उपयोगी पडतो तो रिकाम्या जागांचा प्रकार. वाक्य लिहायचं आणि उत्तर दोन चांदण्यांमध्ये ठेवायचं. दोन उत्तरं चालणार असतील तर मध्ये तिरकी रेघ, सूचना द्यायची तर विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके:

गोदावरीचा उगम *नाशिक/नासिक:जिल्ह्याचं नाव लिहा* जिल्ह्यात होतो.

गणितात नेमकी हीच चिन्हं गोत्यात आणतात. उत्तर 1/2 असेल तर लुमी ‘1’ आणि ‘2’ अशी दोन स्वतंत्र उत्तरं धरतं. 10:30 लिहिलंत तर 30 ही सूचना होऊन बसते. गुणाकारासाठी * वापरलं की तिथे नवी रिकामी जागा उघडते, म्हणून × हेच चिन्ह घ्या. अपूर्णांक आणि वेळेचे प्रश्न सरळ बहुपर्यायीत टाकावेत. अंकांचं उत्तर *12/१२* असं दोन्ही लिप्यांत द्या, नाहीतर मराठी कीबोर्डवर बरोबर लिहिणारं मूल चूक ठरतं.

किरकोळ चुका माफ करण्याचा एक पर्याय सेटिंगमध्ये आहे. तीन ते नऊ अक्षरांच्या उत्तरात एक चूक, त्याहून मोठ्या उत्तरात दोन चुका चालतात. मात्र इथे काना, वेलांटी, उकार ही प्रत्येक खूण वेगळं अक्षर म्हणून मोजली जाते. त्यामुळे ‘पाणी’ हवं असताना ‘पाणि’ लिहिलं तरी गुण मिळतो. शुद्धलेखनाच्या चाचणीत हा पर्याय बंदच ठेवा. भूगोलात नदी ओळखली का, एवढंच पाहायचं असेल तर खुशाल चालू करा.

तपासा, पुन्हा करा, उत्तर दाखवा ही बटणं इंग्रजीत आली तर फॉर्मच्या अगदी तळाशी ती बदलण्याची जागा आहे. दर वेळी हे करत बसण्यापेक्षा मराठी बटणांची एक कोरी फाइल जपून ठेवावी आणि तिच्यावरूनच नवी चाचणी उभी करावी. जुन्या प्रश्नपत्रिकेतला श्रीलिपीसारख्या फॉन्टमधला मजकूर थेट चिकटवलात तर अगम्य अक्षरं उमटतील. आधी युनिकोडमध्ये आणा.

आता वाटपाकडे. ‘सेव्ह’ केल्यावर एचफाइव्हपी फाइल मिळते, ‘एक्स्पोर्ट’ केल्यावर ब्राउझरमध्ये उघडणारी एचटीएमएल. मुलांना एचटीएमएल द्या, एकाच फाइलमध्ये सगळं सामावणारा पर्याय निवडून. व्हॉट्सअॅपवर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा आणि पालकांना क्रोममध्ये उघडायला सांगा. काही फोनमधल्या साध्या एचटीएमएल व्ह्यूअरमध्ये प्रश्न दिसतात, बटणं मात्र हलत नाहीत. आत मोठा व्हिडिओ असेल तर फाइल फुगते आणि स्वस्त फोन अडखळतो. तिथे यूट्यूबची लिंक दिली तर नेट लागतंच, मग ती ऑफलाइन चाचणी कसली!

शिक्षकांच्या गटावर मात्र एचफाइव्हपी फाइलच टाकायला हवी. समोरचा ती आपल्या लुमीत उघडतो, जिल्ह्याचं नाव बदलतो, दोन प्रश्न काढतो, चार घालतो. मूडल या ऑनलाइन वर्गाच्या प्रणालीतही ती चालते आणि दीक्षा या सरकारी शैक्षणिक मंचावर साहित्य देताना हा प्रकारही स्वीकारला जातो. पाठवण्याआधी शीर्षकाजवळच्या मेटाडेटात (फाइलबद्दलच्या माहितीत) आपलं नाव आणि परवाना भरा. क्रिएटिव्ह कॉमन्सचा सीसी बाय निवडला तर नाव देऊन कोणीही बदल करू शकतो. पाठ्यपुस्तकातलं पान स्कॅन करून त्यावर हा परवाना लावणं चूक आहे, कारण ते चित्र तुमचं नाही. गटांवर हे सर्रास होतं.

लुमी कमी पडतं ते गुणांच्या नोंदीत. ऑफलाइन एचटीएमएलमधले गुण मुलाच्या पडद्यावरच राहतात, शिक्षकापर्यंत आपोआप येत नाहीत. स्क्रीनशॉट मागवणं हा उपाय पहिली-दुसरीच्या पालकांना जाच वाटतो. वर्गाची गुणयादीच हवी असेल तर गूगल फॉर्म बरा. सरावासाठी, एकाच फोनवर दोन भावंडं आलटून-पालटून सोडवणार असतील तर लुमी.