आई-बाबांना अमेरिकेत डॉक्टरकडे नेताय? बिलावरचा पाच आकडी कोड आधी बघा

उन्हाळा आला की इथे न्यू जर्सीत घरोघरी कुणाचे ना कुणाचे आई-बाबा येतात, आणि त्यातल्या एकाला तरी अर्जंट केअरची, म्हणजे अपॉइंटमेंटशिवाय जाता येणाऱ्या दवाखान्याची, पायरी चढावी लागते. या वर्षी ती पाळी माझ्या आईची होती. कान ठणकत होता. डॉक्टरांनी कानात बघितलं, घसा बघितला, अ‍ॅमॉक्सिसिलिन लिहून दिलं आणि त्या निघाल्या. व्हिजिटर इन्शुरन्स होताच, त्यामुळे मी निर्धास्त होते.

विमा कंपनीने क्लेम फेटाळला. कारण दिलं: उपचार पूर्वीपासूनच्या आजाराशी संबंधित. कान दुखायचा, आणि पूर्वीपासूनचा आजार कुठला? क्लिनिकचं बिल आलं ४२५ डॉलरचं, त्यावर नुसतं 'ऑफिस व्हिजिट'. मी तपशीलवार बिल आणि डॉक्टरांची नोंद, दोन्ही मागवली. नोंद पोर्टलवरच होती.

बिलावर कोड होता ९९२०४. नोंदीत कानाच्या खाली आणखी दोन ओळी: 'टाइप २ मधुमेह, स्थिर, सध्याची औषधे चालू ठेवणे. उच्च रक्तदाब, स्थिर, सध्याची औषधे चालू ठेवणे.' आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "अगं, शुगरचा तर विषयसुद्धा निघाला नाही. बीपीचा पट्टा लावला तो त्या बाहेरच्या मुलीनं." गोळ्यांची नावं आईने आत जाण्यापूर्वी फॉर्मवर लिहिली होती. तिथूनच ती उचलून 'तपासलेल्या आजारांत' बसवलेली.

असं का करतात हे समजायला कोडची भाषा थोडी कळावी लागते. दवाखान्यातल्या साध्या भेटीसाठी नव्या रुग्णाचे कोड ९९२०२ ते ९९२०५, जुन्याचे ९९२११ ते ९९२१५. शेवटचा आकडा जितका मोठा तितके पैसे जास्त. १ जानेवारी २०२१ पासून ही पातळी दोनच मार्गांनी ठरते: एक तर डॉक्टरांना किती अवघड निर्णय घ्यावा लागला, किंवा त्या दिवशी त्यांचा स्वतःचा एकूण किती वेळ गेला. निर्णयाच्या मार्गात तीन गोष्टी बघतात: आजार किती आणि कसे, तपासण्या-कागदपत्रं किती चाळली, आणि उपचारात जोखीम किती. तिन्हीपैकी दोन त्या पातळीला पोचल्या पाहिजेत.

आता आईचं गणित मांडा. साधं कानाचं इन्फेक्शन म्हणजे आजाराची पातळी कमी. औषध लिहून दिलं म्हणजे जोखीम मध्यम. बाकी चाळायला काही नव्हतंच. दोन गोष्टी मध्यम होत नाहीत, म्हणून कोड ९९२०३. पण 'दोन स्थिर जुनाट आजार' लिहिले की आजाराची पातळीही मध्यम होते आणि ९९२०४ पदरात पडतो. मेडिकेअरच्या (इथल्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याच्या) मोजणीत डॉक्टरांच्या कामाला ९९२०३ साठी १.६ गुण आहेत, ९९२०४ साठी २.६. दोन ओळींची किंमत ही.

नियम मात्र स्पष्ट आहे: रुग्णाला मधुमेह आहे एवढ्याने तो मोजायचा नाही. त्या भेटीत त्याचा विचार केला असेल, तपासलं असेल, त्यासाठी काही ठरवलं असेल तरच. आपल्याकडच्या पाहुण्यांना याचा दुहेरी फटका बसतो. पातळी फुगवायला घातलेल्या त्याच दोन ओळी विमा कंपनीने हातात धरल्या आणि पैसे नाकारले, कारण जुने आजार बहुतेक व्हिजिटर पॉलिसींतून वगळलेलेच असतात.

हेही सांगायला हवं, की चारचा आकडा दिसला म्हणजे चोरीच, असं नाही. नवऱ्याच्या डायबेटिस आणि बीपीचे रिपोर्ट बघून आमच्या नेहमीच्या डॉक्टर गोळ्या चालू ठेवतात आणि ९९२१४ लावतात. तो अगदी बरोबर आहे, त्यावर भांडू नका.

क्लिनिकच्या बिलिंगवाल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, दहा अवयवसंस्था तपासल्यात, म्हणून चौथी पातळी. नोंदीत खरंच पोट, पाय, त्वचा, चेतासंस्था सगळं 'नॉर्मल' होतं. खुर्चीतून न उठता आईचं पोट कुणी तपासलं देव जाणे. पण ते खरं धरलं तरी हा हिशेब जुना झाला. २०२१ पासून किती अवयव तपासले यावर दवाखान्याच्या भेटीची पातळी ठरतच नाही. मी हे सांगितल्यावर त्यांनी पवित्रा बदलला: मग गेलेल्या वेळेच्या हिशेबाने लावू. वेळेच्या हिशेबाने ९९२०४ लावायला ४५ मिनिटं लागतात. त्यात डॉक्टरांचं त्याच दिवसाचं लिखाण धरतात हे मान्य, पण नर्सचा किंवा मदतनिसाचा वेळ धरत नाहीत. आणि नोंदीत वेळेचा उल्लेखच नव्हता.

दुसरी गंमत पुढच्या भेटीत झाली. कानाचा दडा जाईना म्हणून त्याच साखळीच्या दुसऱ्या गावच्या शाखेत गेलो. नवीन औषध नाही, आहे तोच कोर्स पूर्ण करा म्हणाले. बिल पुन्हा ९९२०४, म्हणजे पुन्हा 'नवीन रुग्ण'. त्याच समूहातल्या, त्याच विशेषज्ञतेच्या कुठल्याही डॉक्टरांनी गेल्या तीन वर्षांत तपासलं असेल तर रुग्ण जुना धरतात. शाखा बदलली, डॉक्टर बदलले, तरी तुम्ही नवे होत नाही. ही चूक पकडायला सगळ्यांत सोपी, कारण दोन्ही बिलांवर तारखा छापलेल्या असतात.

मग मी फोन सोडून लेखी पत्र पाठवलं. दोन्ही बिलांच्या प्रती, नोंदीतल्या त्या दोन ओळी अधोरेखित, आणि मागण्या तीन: कोडचा फेरआढावा घ्या, नोंदीत न झालेल्या गोष्टी दुरुस्त करा, आणि वाद मिटेपर्यंत बिल वसुली एजन्सीला देऊ नका. नोंदीची प्रत मागायचा आणि दुरुस्तीचा अर्ज करायचा हक्क कायद्याने आहे. प्रत साधारण ३० दिवसांत द्यावी लागते. विमा न वापरता रोख पैसे देणार असाल तर आधीच लेखी अंदाज मागा. २०२२ पासून तो द्यावा लागतो, आणि बिल त्याहून ४०० डॉलर किंवा जास्त निघालं तर बिलाच्या तारखेपासून १२० दिवसांत सरकारी वादनिवारणाकडे जाता येतं.

दुसऱ्या भेटीचा कोड ९९२१३ झाला, त्यावर त्यांच्याकडे बोलायला काही नव्हतंच. पहिल्याचा ९९२०३ केला, पण नोंदीतल्या ओळी खोडल्या नाहीत. खाली एक पुरवणी जोडली: 'मधुमेह व रक्तदाब फक्त पूर्वेतिहास म्हणून नमूद.' ती पुरवणी लावून मी क्लेम पुन्हा दाखल केला आहे. विमा कंपनीचं उत्तर यायचंय, आणि आईचं परतीचं तिकीट त्याच्या आधीचं आहे.