चोकनट आधी की फ्रेंड? खानदेशातल्या कातळभेगांसाठी पहिली खरेदी

धुळे-जळगावकडच्या ट्रेकिंग ग्रुपांकडे दोर, हार्नेस, हेल्मेट, कॅराबिनर एवढं सामान आता बऱ्यापैकी असतं. भेगेतून लीड चढायचं, म्हणजे वरून दोर नसताना सगळ्यांत पुढे जायचं ठरलं, की पडल्यावर दोर अडवायला भेगेत बसवायच्या आधारांचा प्रश्न येतो. पैसे मोजके असतात, म्हणून चोकनटांचा संच घ्यायचा की फ्रेंड, हे ठरवावंच लागतं. माझं मत आधीच सांगतो: आपल्या आडबाजूच्या कड्यांसाठी चोकनट आधी. पण फ्रेंडची बाजू लंगडी नाही, ती नीट समजून घ्या.

चोकनट म्हणजे तारेला जोडलेला धातूचा निमुळता ठोकळा. भेग खाली अरुंद होते तिथे वरून सरकवायचा आणि खाली हिसका देऊन बसवायचा. फ्रेंडला स्प्रिंग असते. ट्रिगर ओढला की पाकळ्या मिटतात, सोडला की त्या भेगेच्या दोन्ही भिंतींना टेकतात. रे जार्डिनचं हे उपकरण 1978 पासून बाजारात आलं. त्याआधी वरपासून खालपर्यंत एकाच रुंदीची भेग लीडरला घाम फोडायची, कारण तिथे चोकनट अडकायला जागाच नसते.

आणि अशा भेगा आपल्याकडे भरपूर. सातपुडा काय किंवा चाळीसगावकडची सातमाळा-अजिंठ्याची रांग काय, सगळा बेसाल्ट. लाव्हा थंड होताना आकसला, तडकला आणि त्याचे उभे खांब झाले. दोन खांबांमधली भेग बहुतेक समांतर असते. धुळे-नंदुरबार पट्ट्यात माळावरून लांबच लांब गेलेल्या डाइकच्या (जमिनीच्या तड्यात लाव्हा घट्ट होऊन झालेल्या) काळ्या भिंती आहेत, त्यांचा दगड बऱ्याच ठिकाणी कडक आहे. तिथे फ्रेंडला तोड नाही. एका हाताने, दोन सेकंदांत बसतो.

मग चोकनट आधी का? कारण खांब पक्का असेलच असं नाही. फ्रेंडच्या पाकळ्यांचा कोन असा असतो की खाली जितका भार येईल, त्याच्या साधारण दुप्पट जोर तो प्रत्येक भिंतीवर बाजूला लावतो. लीडर पडला आणि फ्रेंडवर 5 किलोन्यूटन आले, तर प्रत्येक भिंतीवर जवळपास 10. मागून सुटलेल्या खांबाला हा जोर लाकडात ठोकलेल्या पाचरीसारखा उचकटून काढतो, आणि खांब येतो तो खाली दोर सांभाळत उभ्या असलेल्या बिलेअरवर. चोकनटही बाजूला रेटतोच, निमुळतेपणा अगदी कमी असेल तर चांगलाच रेटतो. पण भेगेला खरी चिमट, म्हणजे खाली अरुंद होणारी जागा, असेल तर बराच भार तो खालच्या कडेवर टाकतो.

म्हणून काहीही बसवण्याआधी दगड वाजवून बघा. मुठीने ठोकला की पक्का खांब टणक, बंद आवाज देतो, सुटलेला डबडब वाजतो आणि तळहाताला हलकी थरथर जाणवते. मग भेगेच्या आत बघा. पुष्कळदा भिंतीवर झिओलाइट या खनिजाचा पांढुरका, खडीसाखरेसारखा थर असतो. नखाने खरवडला की त्याचा चुरा होतो. त्याच्यावर फ्रेंडची पाकळी टेकली तर ती घसरते. चोकनटाला आणखी इंचभर खाली, स्वच्छ दगडाची चिमट शोधता येते. दोन लाव्हाथरांच्या मधल्या लाल मातकट पट्ट्यात मात्र दोन्ही निरुपयोगी, तिथे आधार मोजूच नका.

दुसरं कारण अंतराचं. अक्राणीच्या डोंगरात अर्ध्या कड्यावरून माघार घ्यायची वेळ आली तर अँकर, म्हणजे उतरायचा दोर ज्यांना अडकवला ते आधार, मागेच सोडावा लागतो. एका-दोन फ्रेंडच्या पैशांत चोकनटांचा अख्खा संच येतो, त्यामुळे चोकनट सोडताना हात आखडत नाही. फ्रेंड सोडायला जीव होत नाही, आणि नेमक्या त्या क्षणी लोक एकाच आधारावर रॅपल करायला, म्हणजे दोरावरून उतरायला, निघतात. रेंज नसलेल्या जागी, जिल्हा रुग्णालय नंदुरबारला असताना, पैशांची ही घासाघीस परवडणारी नाही.

देखभालीतही फरक आहे. उन्हाळ्यातली बारीक धूळ फ्रेंडच्या पाकळ्या फिरतात त्या आसात शिरते, पाकळ्या जड होतात. धुऊन, वाळवून वंगण द्यावं लागतं. शिवाय त्याची स्लिंग, म्हणजे दोर जोडायचा पट्टा, कापडी, उन्हाने कमजोर होते. दोर हलला की फ्रेंड भेगेत आत सरकत जातो, मग काढणाऱ्याचे हाल. त्याला लांब स्लिंग लावाच.

भेगेत हातोडीने ठोकायच्या मेखा स्वस्त पडतात, पण दरवेळी ठोकून-काढून भेग फुटते. किल्ल्याच्या कड्यावर तर नकोच. पाटणादेवी किंवा यावल अभयारण्यात वनखात्याची परवानगी लागते. आग्या मोहोळ दिसलं तर ती भेग सोडून द्या.

खरेदीचा क्रम असा ठेवा: आधी चोकनटांचा पूर्ण संच आणि ते काढायची चपटी आकडी. त्यावर एक मोसम, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, जमिनीजवळच्या भेगांत बसवण्या-काढण्याचा सराव. मग बोटांपासून तळहातापर्यंतच्या भेगांचे तीन फ्रेंड ग्रुपने वर्गणी काढून घ्यावेत. चोकनटासाठी ईएन 12270 आणि फ्रेंडसाठी ईएन 12276 हा शिक्का बघा. जुना फ्रेंड कुणी स्वस्तात देत असेल तर स्लिंग किती जुनी ते विचारा, आणि सांगता आलं नाही तर नवी शिवून घेतल्याशिवाय त्याच्यावर दोर घालू नका.