द मॅन इन द व्हाइट सूट : एका क्यूसीवालीची तक्रार

सिनेमात प्रयोगशाळा आली की माझं लक्ष आधी बाटल्यांच्या रंगाकडे जातं. हिरवं, जांभळं, निळं पाणी आणि वर भसाभसा वाफा. बावीस वर्षं मी पॉलिमरच्या, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंपासून बनलेल्या प्लास्टिक-धाग्यांच्या, क्वालिटी कंट्रोलमध्ये (क्यूसी) आहे. माझ्या टेबलावरचं बहुतेक सगळं पाण्यासारखं दिसतं, म्हणून तर लेबल निघालेली बाटली दिसली की आमच्या पोटात गोळा येतो. 'द रॉक'मध्ये (1996) व्हीएक्स हे विष हिरव्यागार गोळ्यांत भरलंय. खरं व्हीएक्स म्हणजे रंगहीन किंवा पिवळसर, तेलकट द्रव. त्यावरचा उतारा, अ‍ॅट्रोपिन, आपला हिरो थेट छातीत खुपसतो; खऱ्या आयुष्यात तो मांडीत टोचतात. असो.

म्हणून 1951चा हा कृष्णधवल ब्रिटिश सिनेमा लावताना फार आशा नव्हती. निदान रंगीत पाण्याचा त्रास होणार नाही, एवढंच. दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेंड्रिक, मुख्य भूमिकेत अ‍ॅलेक गिनेस. दीड तासाच्या आत संपतो.

सिडनी स्ट्रॅटन हा गिरणीतला हरकाम्या, पण डोक्यात एकच किडा : कधीही न फाटणारा, न मळणारा धागा. पहिल्या गिरणीच्या प्रयोगशाळेत एका कोपऱ्यात काचेची एक भलीमोठी जोडणी गुडगुडत असते. प्रत्येकाला वाटतं, ती दुसऱ्या कुणाची तरी असेल. बिलं मात्र येत राहतात. मी इथे एकटीच मोठ्याने हसले. प्रत्येक लॅबमध्ये असं एक यंत्र असतंच हो! दुसऱ्या गिरणीत तो हमाल म्हणून शिरतो, नवा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप येतो, आणि हा पठ्ठ्या त्याला चिकटून बिनपगारी संशोधक होतो. रसायनशास्त्रज्ञ म्हणजे विस्कटलेल्या केसांचा वेडा किंवा जगाचा नाश करणारा खलनायक, असं दाखवायची पद्धत आहे. फ्लास्क मिळावा म्हणून लोचटपणा करणारा माणूस मी पडद्यावर पहिल्यांदाच पाहिला.

त्या जोडणीचा आवाज ऐकाच. ब्लुप, गुड्, ब्लुप-ब्लुप, पुक्. मेरी हॅबरफील्ड या ध्वनिसंपादिकेचं हे काम. आमच्या व्हॅक्यूम पंपाचा सूर बदलला तर मी पाठमोरी असले तरी मला कळतं. इथेही सिडनीच्या आधी आपल्या कानाला कळतं, की प्रयोग नीट चाललाय.

रसायन किती खरं? लांबलचक साखळीचे रेणू, टोकाला टोक जोडत जाणं, हा पाया पक्का आहे. नायलॉन 1935मध्ये कॅरोदर्सच्या प्रयोगशाळेत तयार झालं, पॉलिएस्टर 1941मध्ये इंग्लंडमध्येच व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी केलं. म्हणजे पहिल्या प्रेक्षकांना हे नवलाचं असलं तरी अशक्य वाटत नसणार. सूट पांढराच का, तर धागा रंगच धरत नाही. हेही हवेतलं नाही. सुरुवातीच्या पॉलिएस्टरने रंगाऱ्यांना असंच रडवलं होतं. सूट किंचित चमकतो, कारण आत किरणोत्सारी घटक! तो अंगावर चढवून सिडनी खुशाल हिंडतो. स्फोटांमागून स्फोट होतात, खिडक्या उडतात, वाळूच्या पोत्यांआड लपून पुन्हा तोच प्रयोग. यातल्या एकालाही मी माझ्या लॅबच्या दारात उभं करणार नाही. आणि फ्लास्कमधून कापडापर्यंतचा प्रवास तर चुटकीसरशी. विनोदी सिनेमा आहे, सोडून देऊ.

मग मालक घाबरतात, कामगारही घाबरतात. कापड फाटलंच नाही तर गिरणी चालायची कशी? पण मला लागली ती सिडनीची घरमालकीण. ती धुणी धुऊन चार पैसे कमावते. कपडे मळलेच नाहीत तर तिने काय करायचं? सिडनीकडे उत्तर नसतं. त्याला तो प्रश्नच सुचलेला नसतो.

आता तक्रार. शेवटी जमाव त्याला गाठतो, कुणीतरी सूटला हात घालतं, आणि न फाटणारं कापड कापसासारखं पुंजक्या-पुंजक्यांनी हातात येतं. सगळे हसतात. मला हसू आलं नाही. एकदा घाईची ऑर्डर होती म्हणून एजिंगची, म्हणजे माल जुना झाल्यावर टिकतो का याची, चाचणी न करताच मी एका बॅचवर सही केली होती. ताण सोसण्याची ताकद उत्तम, रंग उत्तम. काही महिन्यांनी तोच धागा पिवळा पडून परत आला आणि बोटांत काडीसारखा मोडला. विरघळवून व्हिस्कोमीटरमध्ये, म्हणजे द्रावण किती दाट आहे ते मोजायच्या काचेच्या नळीत घातला, तर द्रावण दोन खुणांमधून भर्रकन खाली उतरलं. स्टॉपवॉच बघायचीही गरज नव्हती. लांब साखळ्या असत्या तर ते सावकाश उतरलं असतं; इथे साखळ्या तुटून आखूड झाल्या होत्या. सिडनीने ताण पाहिला, डाग पाहिले. नमुना गरम, दमट ओव्हनमध्ये ठेवून आठवड्या-आठवड्याने तोडून पाहायचं मात्र राहिलं.

शेवटच्या दृश्यात तो वही चाळतो, एकदम थबकतो, चेहरा उजळतो, आणि पुन्हा ती गुडगुड सुरू होते. काय चुकलं ते त्याला कळलंय. आपल्याला कुणी सांगत नाही. मी ते दृश्य तीनदा मागे नेऊन पाहिलं. माझी पैज ओलाव्यावर.