साफ करायचं की सरळ फॉरमॅट मारायचं?

घरचा कॉम्प्युटर नीट चालेना की पहिला सल्ला येतो, फॉरमॅट मारा, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाका. बऱ्याचदा त्याची गरजच नसते, आणि जिथं खरंच असते तिथं लोक फुकटचे अँटीव्हायरस टाकत बसतात. म्हणून दोन्ही पर्याय समोरासमोर ठेवतोय.

जाहिरातींसाठी साफसफाईच. उजव्या कोपऱ्यात खाली "तुमच्या पीसीत व्हायरस सापडले" असं सारखं येत असेल तर तो बहुतेक वेळा व्हायरस नसतोच, कुठल्यातरी पिक्चर डाउनलोडच्या साइटवर घरातल्या कोणीतरी 'अलाऊ' दाबलेलं असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स, तिथं अनोळखी साइटींची नावं दिसतील ती काढून टाका. एक्स्टेन्शन्सवर, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमवर पण एक नजर टाका. होमपेज आपोआप बदलत असेल तर मालवेअरबाइट्स कंपनीचं ॲडक्लीनर (AdwCleaner) चालवा, जाहिरातवाले प्रोग्रॅम काढतं, फुकट आहे.

अपडेट अडकत असेल तर आधी सी ड्राइव्हला जागा आहे का बघा, मग विंडोजमधलाच अपडेटचा ट्रबलशूटर (अडचण शोधून दुरुस्त करणारा) चालवा. नाहीच जमलं तर 'रीसेट धिस पीसी' आणि त्यात 'कीप माय फाइल्स', म्हणजे फोटो-फायली राहतात पण टाकलेले प्रोग्रॅम जातात, टॅली, श्रीलिपी सगळं परत टाकावं लागतं, त्यामुळे लिस्ट आधी लिहून ठेवा. आणि विंडोज 10 असेल तर एक लक्षात घ्या, 14 ऑक्टोबर 2025 ला त्याचा सपोर्ट संपला, तिथं फॉरमॅट मारून परत 10 च टाकण्यात काही अर्थ नाही. 11 ला टीपीएम 2.0 (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं, जुन्या मशीनवर ते नसू शकतं.

आता खरा मालवेअर, म्हणजे व्हायरससारखे घातक प्रोग्रॅम. कोणी क्रॅक किंवा ॲक्टिव्हेटर (पैसे न भरता सॉफ्टवेअर चालवायची चोरटी फाइल) चालवला असेल तर विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, अगदी खाली एक्सक्लूजन्स, म्हणजे स्कॅनमधून वगळलेल्या जागांची यादी उघडा. तुम्ही न टाकलेला फोल्डर किंवा अख्खा सी ड्राइव्ह तिथं दिसला तर डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) तिकडं बघतच नाहीये, स्कॅन कितीही वेळा करा "सगळं ठीक" असंच येणार. अशा मशीनवर साफसफाईचा भरवसा मी धरत नाही, तुम्हीही धरू नका, विशेषतः त्यावरून बँकेचं काम होत असेल तर. इथं फॉरमॅटच. फोटो आणि कागदपत्रं तेवढी बाहेर काढा, सेटअपच्या फायली अजिबात नकोत. दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या, त्यानं विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह तयार होतो, 8 जीबीचा पुरतो, आणि पासवर्ड फोनवरून बदला, आधी मेलचा मग बँकेचा.

साफसफाई तासा-दोन तासांत होते, फॉरमॅटला सगळं परत बसवेपर्यंत दिवस जातो. दुकानात देणार असाल तर आधीच विचारा, विंडोज कुठलं टाकणार? मशीनसोबत ओरिजिनल विंडोज आलेलं असेल तर तीच एडिशन (होम किंवा प्रो) टाकून नेट जोडलं की सहसा ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं. "क्रॅक टाकून देतो" म्हणाला तर मशीन उचला आणि दुसरीकडे न्या.